बेसमेंटमधली नऊ मुलं

आमच्या बेसमेंटमध्ये एक ट्रेडमिल आहे, विंटर टायर्सचे दोन सेट आहेत आणि तांदळाची पोती आहेत. शाळा मंडळाच्या कागदांवर मात्र तिथं नऊ मुलं राहत होती. गोष्ट खरं तर रिटाताई तुस्कानोंची आहे, पण त्या नऊ मुलांवाचून ती सांगता येत नाही. सांगताना माझीच मला किळस येते, तरी सांगतो.

रिटाताई मूळच्या वसईच्या. त्यांचा नवरा डॉमनिक माझ्याबरोबर गाड्यांच्या ॲक्सलच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, वर्षभरात डॉमनिक वारला आणि परदेशातलं आमचं हे छोटं गाव रिकामं व्हायला लागलं. तरणी पोरं किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये गेली, नाहीतर वॉनच्या वेअरहाऊसांत. ताईंचा मुलगा नायजेल ओकव्हिल शहरात. तो दर ख्रिसमसला म्हणायचा, मम्मी, घर विकून इकडं ये. ताईंचं उत्तर ठरलेलं. माझा कोपरा आहे तोवर नाही.

कोपरा म्हणजे मिल स्ट्रीटच्या शाळेसमोरचा चौक. तिथं त्या एकोणीस वर्षं क्रॉसिंग गार्ड होत्या. नारिंगी जॅकेट, हातात स्टॉपची पाटी, उणे पंचवीस असो की काही असो. त्यांचा एकच नियम. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावल्याशिवाय कुणाही पोराला रस्ता ओलांडू द्यायचा नाही. ट्रक थांबलेला, मागं गाड्यांची रांग, आणि ताई वाकून कुणाची तरी अडकलेली चेन सोडवतायत. खिशात स्वतः विणलेले हातमोजे असायचे. उघडे हात दिसले की न विचारता चढवायच्या. त्या शाळेत भाड्याच्या घरांतली पोरं जास्त. काहींना तर सकाळी उठवणारंही घरात कुणी नसायचं. त्या सगळ्यांची नावं ताईंना पाठ.

आता आमची मंडळी. गावात मराठी घरं अकरा, त्यातली बहुतेक मिल स्ट्रीटच्या हद्दीत, कारण तिकडं घरं स्वस्त. शाळा मात्र यांना टेकडीवरची हवी, आणि इथं राहत्या पत्त्यावरूनच शाळा ठरते. आमचं घर टेकडीवर. शशिकांत, आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, एक दिवस श्रीखंडाचा डबा घेऊन आला. काका, नुसता पत्ता हवाय, आम्ही तुमच्या बेसमेंटमध्ये राहतो असं एक पत्र द्या. का रे बाबा, म्हटलं, तर आवाज खाली आणून म्हणाला, "मिल स्ट्रीटला कसली कसली पोरं येतात, तुम्हाला माहीतच आहे."

तिथंच त्याला डब्यासकट बाहेर काढायला हवं होतं. नाही काढलं. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं! ही भीड आमच्या हाडांत मुरलेली. केली सही. मग जयदीपला कळलं, मग साक्षीला, मग विजयालक्ष्मीला. चार कुटुंबं, नऊ मुलं, चार सह्या. चौथ्या सहीला माझी बायको अरुणा म्हणाली, आता हजेरी पण घेत जा रोज. मी हसलो. निर्लज्जासारखा हसलो.

२०१६च्या हिवाळ्यात बातमी आली. पट दीडशेच्या खाली गेला की शाळा बंद आणि मुलं बसनं टेकडीवर, असं शाळा मंडळाचं ठरलं होतं. मिल स्ट्रीटचा पट होता एकशे त्रेचाळीस. शाळा गेली की ताईंचा कोपरा जाणार, हे सांगायला कुणी नको होतं.

शाळेच्या जिममध्ये सभा भरली. आमचे सगळे हजर, फलक घेऊन. साक्षीनं समोसे आणलेले. शशिकांतनं माईक धरला आणि ही शाळा म्हणजे आमचा जीव की प्राण वगैरे दहा मिनिटं सुनावलं. ज्याच्या पोरांनी त्या शाळेची पायरी चढली नाही, त्याचा गळा दाटून आला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसता बसता माझ्या कानात म्हणतो कसा, शाळा गेली तर घरांचे भाव पडतील हो काका. शी! तोंडातला समोसा गिळवेना मला.

मग शाळा मंडळाच्या बाईंनी पडद्यावर नकाशा लावला. एक ठिपका म्हणजे एक मूल. टेकडीवर एके ठिकाणी ठिपक्यांची नुसती गिचमिड झालेली. बाई कौतुकानं म्हणाल्या, बघा, इथं एकाच घरात नऊ मुलं आहेत, वस्ती कशी टेकडीकडं सरकतेय. सभेत हशा पिकला. शशिकांत बुटाची नाडी बांधायला वाकला. पुढच्या रांगेतल्या ताई बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिल्या, मग वळून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दर ख्रिसमसला त्या फराळ घेऊन आमच्याकडं यायच्या, आणि तांदळाचं पोतं हवं असलं की मीच त्यांना बेसमेंटमध्ये न्यायचो.

कुणाला आणखी काही सांगायचंय का, असं विचारत माईक फिरला. माझ्या हातात आला. एकच वाक्य पुरेसं होतं: ती नऊ मुलं इकडचीच आहेत. एकशे त्रेचाळीस आणि नऊ, एकशे बावन्न. शाळा वाचत होती. पण त्या चार सह्या आठवल्या, शशिकांतचं तोंड आठवलं, गणपतीत आपल्याशी कोण बोलेल हेही डोक्यात आलं. मी माईक पुढं दिला.

तो ताईंकडं गेला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. एवढंच विचारलं, "मी या पोरांच्या चेनी लावते. बसमध्ये कोण लावणार?" बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

वसंतात शाळा मंडळाचं मतदान झालं, जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. ऑगस्टमध्ये नायजेलनं ताईंचं घर विकलं.

ओकव्हिलला जायच्या आदल्या दिवशी दुपारी ताई हातमोज्यांची मोठी पिशवी घेऊन आल्या. टेकडीवरच्या शाळेत देऊन ये म्हणाल्या, आपली पोरं आता तिथंच जाणार. चहा झाला. निघताना त्यांनी आमच्या बेसमेंटचं दार उघडलं, दिवा लावला आणि पायऱ्यांवरून खाली पाहिलं.

"नंदू, नऊ पोरं मावली तुझ्या इथं," त्या म्हणाल्या. "एका म्हातारीला जागा झाली असती की रे."

दिवा घालवून त्या गेल्या.

ती पिशवी मी शाळेत दिलेली नाही. ऑफिसात काही द्यायला गेलं की आधी वहीत नाव आणि पत्ता लिहावा लागतो. ती अजून आमच्या बेसमेंटमध्येच आहे.