नागिणीच्या पहिल्या डब्यात

आमच्या घरातली बाई होडीत चढत नाही. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, कुणी कुणाला सांगतही नाही, पण चढत नाही एवढं खरं. होडी किनाऱ्याला लागली की बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरतात, टोपल्या उतरवून घेतात, होडीच्या कडेला हात लावून तोच कपाळाला लावतात आणि मागे फिरतात. माझ्या आईचं सगळं आयुष्य दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर गेलं. मासळी तिला नुसत्या वासावरून ताजी-शिळी कळते. पण पाण्यावर असणं म्हणजे काय, हे तिला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ होडीवरून गेला. होडी बाबांची, सुकाणूही बाबांच्याच हातात. सीझन संपत आला होता, आता होड्या वर ओढायच्या असं घरात बोलणं चाललं होतं. भाऊ नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, उभा होता. त्याची ती नेहमीची जागा. मोठी लाट आली, होडी तिच्या डोक्यावर चढली आणि पलीकडे खाली पडली. होडी पडली, पण भाऊ वरच राहिला. तो खाली आला तेव्हा त्याच्याखाली होडी नव्हती. आसपासच्या साऱ्या होड्या शोधायला धावल्या, पण तो सापडला नाही, अजूनही नाही.

बाबांनी घरी येऊन एकच वाक्य सांगितलं, "एका लाटंत गेला. त्याला कललापन नाय."

त्याला कळलंसुद्धा नाही, हे वाक्य मग गावभर झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण आईसमोर बसून चहा पीत तेच म्हणायचा. मला सांत्वन करणाऱ्या माणसांचा मनस्वी राग आहे. देवाला चांगली माणसं लागतात म्हणे! मग देवाने आमच्या शेजारच्याला का सोडलं, असं माझ्या तोंडावर यायचं. पण बाबांच्या त्या वाक्याला मी कधी काही बोलले नाही, कारण आई त्याच्यावर जगत होती. घास गिळत नसला की ती स्वतःशीच म्हणायची, "कललापन नाय त्याला," आणि घास खाली जायचा.

आता नागिणीबद्दल सांगते. माकुणसारवरून पुढे किनाऱ्याला गेलं की सुरूच्या बनात एक जुनं खेळण्यांचं उद्यान होतं. बाबा चड्डीत फिरत होते तेव्हा ते नवं होतं, म्हणजे वयाचा हिशेब तुम्हीच करा. आकाशपाळणा, होडीचा झुला आणि रुळांवरच्या दोन गाड्या. लहान गाडी बेडकी, मोठी नागीण. नागिणीचे रूळ जाड लाकडी खांबांच्या मांडणीवर बसवलेले होते. साखळी खडखडत डबे वर ओढायची, टोकावर न्यायची आणि सोडून द्यायची. पुढचं सगळं उताराच्या भरवशावर. खारा वारा खाऊन पहिल्या डब्यावरच्या फण्याचा रंग केव्हाच उडाला होता, राहिले होते फक्त दोन पांढरे डोळे.

तिथे रिसॉर्ट होणार, महिनाअखेर उद्यान बंद होऊन सगळं भंगारात जाणार, अशी बातमी आली. आईला ती वलांडीवर बोंबील वाळत घालताना शेजारणीने सांगितली. त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. मी बोईसरला राहते, एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. दिवसभर बाटल्यांवरची लेबलं सरळ बसलीत का ते बघायचं, असलं माझं काम. नुकती कामाची पाळी संपवून बाहेर पडले होते.

"मला नागिनीत बसायचाय," आई म्हणाली.

मला वाटलं, आता हिचं डोकंही गेलं. मी म्हटलं, "अगं, पाळण्यातसुद्धा बसत नाहीस तू." तेव्हा तिने मला आठवण करून दिली. आम्ही भावंडं तिच्याबरोबर तिथे एकदा गेलो होतो. आई सुरूखाली एका ओंडक्यावर आमच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसली होती. भाऊ तेव्हा नुकता बाबांबरोबर होडीवर जायला लागला होता. नागिणीतून उतरून तो धावत तिच्याकडे आला आणि म्हणाला होता, "आय, लाटंवरशी होडी पडते ना, तशीच पडते ही. जरापन फरक नाय!"

मी विसरले होते. ती विसरली नव्हती.

मी रजा टाकली आणि आदल्या दिवशीच दातिवऱ्याला गेले. बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. भाऊ गेला त्या दिवसापासून ते समुद्रावर गेले नव्हते, लोकांची फाटकी जाळी घेऊन बसत. सकाळी आम्ही निघालो तेव्हा आई पुढे गेली आणि त्यांनी मला हाक मारली.

"पालन्यात बसव, झुल्यात बसव," ते म्हणाले. "नागिनीत नको बसवू तिला."

"का?"

"पोटात गोला येतो," ते म्हणाले आणि परत जाळ्यात डोकं घातलं.

मला वाटलं, म्हाताऱ्याला बायकोच्या तब्येतीची काळजी. जरा हसूही आलं.

उद्यानात आमच्याशिवाय फारसं कुणी नव्हतं. एक कॉलेजची जोडी होती, ती खेळायला आली नव्हती हे उघड होतं. आईने नवं लुगडं नेसलं होतं, केसात अबोली माळली होती. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच. ते बघून मला बरं वाटलं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो. आपण कुणाला जरा बरं वाटताना बघितलं की लगेच विश्वास ठेवतो.

आधी आम्ही बेडकीत बसलो. ती लहान मुलांची गाडी, तीन उड्या मारून थांबते. आई तोंड मिटून बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "ही काय नाय. ही खाडीतली लाट." आकाशपाळण्यात वर गेल्यावर तिला समुद्र दिसला. दूरवर होड्या होत्या. आमच्या घरी होडी निघाली की बाई ती नजरेआड व्हायच्या आधीच पाठ फिरवते, बघत उभी राहत नाही. पाळण्यातही आईने मान वळवली आणि खाली येईपर्यंत माझ्या चपलांकडे बघत राहिली.

मग नागीण. गाडी चालवणारा माणूस बिहारकडचा होता. आईने डब्यात पाय टाकायच्या आधी चपला काढल्या, बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि डब्याच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला.

"अम्मा, चप्पल पहन के बैठो," तो म्हणाला. "पैर में कील लगेगी."

"होडीत चपला घालून जात नाय," आईने त्याला मराठीतच सांगितलं. त्याला किती कळलं कोण जाणे. तो आम्हाला मधल्या डब्यात बसवत होता, तिथे कमी आपटतं म्हणून. आई ऐकेना. पहिलाच डबा पाहिजे. "तो नालीवर उभा राहायचा," ती मला म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आम्ही खेळायला आलेलोच नाही.

तेव्हाच उठायला हवं होतं, पण त्या माणसाने आमच्या मांड्यांवरून लोखंडी दांडा ओढून खटकन बसवला आणि साखळी सुरू झाली.

वर जायला बराच वेळ लागतो. सुरूंचे शेंडे खाली जातात, वाऱ्याचा आवाज वाढतो, खांब करकरतात. टोकावर साखळी सुटली आणि डबा क्षणभर जागच्या जागी राहिला. पुढे रूळ दिसतच नव्हते, नुसता समुद्र दिसत होता. मग डबा खाली गेला आणि मी वरच राहिले. माझं पोट, माझा श्वास, सगळं वर. दांडा मांडीत रुतला तेव्हा मी खाली आले. मी ओरडले. आई ओरडली नाही.

"परत," ती खाली आल्यावर म्हणाली.

आम्ही परत गेलो. त्यानंतर पुन्हा. बिहारकडचा माणूस हसून म्हणाला, "अम्मा को मज़ा आ रहा है." मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा गप्प झाला. शेवटच्या फेरीला आईने त्याला खुणेने सांगितलं, दांडा लावू नको. तो घाबरला, दोन्ही हात हलवत नाही-नाही म्हणाला, दांडा दोनदा हलवून बघितला. मग टोकावर, साखळी सुटली तेव्हा, आईने दांड्यावरचे दोन्ही हात काढले आणि नुसते मांडीवर ठेवले, होडीतून कुणीतरी हाक मारेल म्हणून वाट बघावी तसे. मी तिचा पदर मुठीत धरला. त्या पदराने काय होणार होतं, देव जाणे.

उतरल्यावर ती सुरूखालच्या त्याच ओंडक्यावर जाऊन बसली. तिच्या चपला मी हातात आणल्या. जेवणाचा डबा उघडला, भाकरी आणि सुका जवळा होता. तिने भाकरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"वर गेल्यावर थांबतो गो," ती म्हणाली.

"कोण?"

"वेल. वेल थांबतो. मी समुद्र बगितला. तुझा हात बगितला, तुझी बांगडी तडकलीय ती पन दिसली. वलांडीवरचे बोंबील आठवले, पालटायचे रायलेत म्हनून. घरी गॅस बंद केला का नाय, ते पन आठवला मला. येवढा सगला आठवतो तिथं."

मी जवळा तिच्यापुढे सरकवला.

"मंग त्याला पन आठवला असंल," ती म्हणाली. "सगला. मी पन आठवली असंन. त्यानं मला हाक मारली असंल." मग म्हणाली, "मला दांडा होता गो."

ती रडली नाही. रडली असती तर मी पाठीवर हात फिरवला असता, त्यासाठी तरी हात कामी आला असता. मी सांगून बघितलं, की आई, तू बसून होतीस, तुला पडायचं आहे हे आधीच माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं, म्हणून तुला वेळ मिळाला. मलाच ते पटत नव्हतं. कंपनीत वाकडं लेबल अंगठ्याने दाबून सरळ करतो ना, तसलं ते बोलणं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू पन पडलीस ना बाजूला? तुला काय आठवला नाय?"

मला आठवलं होतं. भावाच्या पायातल्या निळ्या स्लिपर आठवल्या होत्या, एकीचा पट्टा तारेने बांधलेला. इतकं सविस्तर. मी म्हटलं, "नाही. मला काही आठवलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि भाकरी परत डब्यात ठेवली. आता घास उतरवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

परतीच्या टमटममध्ये ती जेवणाचा डबा मांडीवर धरून बसली. मला बाबांचा विचार येत होता. पोटात गोळा येतो, एवढंच म्हणाले होते ते. जन्मभर लाटांवरून पडलेला माणूस. होडी टोकावर किती थांबते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सुकाणू धरून ते मागे बसले होते, समोर नाळीवर मुलगा होता. त्यांनी त्याला बघितलं होतं. त्यांनाही वेळ मिळाला होता. आणि घरी येऊन त्यांनी आईला ते वाक्य दिलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा ओट्यावरच होते. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "बसलीस?"

"बसली," आई पायरीवर चपला काढत म्हणाली.

"कशी व्हती?"

मी पायरीखालीच थांबले. आता ती बोलणार, ओरडणार, त्यांच्या हातातलं जाळं ओढून घेणार असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तसं हवंच होतं.

"काय नाय," आई म्हणाली. "वर नेली नि खाली आनली. कललापन नाय."

बाबांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिनेही नजर काढून घेतली नाही. मग ते म्हणाले, "बरा झाला," आणि तुटलेल्या फासात सुई घातली. तो फास त्यांना साधेना. दोनदा सोडून त्यांनी परत घातला.

त्या घरात आता ते वाक्य दोघंही एकमेकांसाठी सांभाळतात आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत आहे. मी सुट्टीला जाते, चहा पिते, काही बोलत नाही. उद्यानाच्या जागी पत्रे ठोकलेत. नागिणीचे खांब जाळायला नेले म्हणतात.

त्या दिवशी आई आत गेली ती सरळ स्वयंपाकघरात, शेगडीजवळ. मी तिच्या मागोमाग गेले. तिने वाकून बटण हाताने चाचपून बघितलं. गॅस बंदच होता.