इमाम टेलरांची बिनटाक्याची पिशवी

इमाम टेलरांनी खळीला उभ्या जन्मात मान दिला नव्हता. "चिकटवायचं काम पोस्टात," असं ते म्हणायचे. बँडवाल्यांचे कोट शिवण्यात त्यांचं नाव होतं. कसबा बावड्यापासून हातकणंगल्यापर्यंत कुठंही वरात निघाली, की नवरदेवापेक्षा क्लॅरिनेटवालाच रुबाबदार दिसायचा. आता ह्याचं पाप टेलरांच्या माथी, की नवरदेवाच्या शिंप्याच्या, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात झटका आला आणि त्यांचं उजवं अंग गेलं. पाय काठीच्या आधारानं परत आला. हात काही आला नाही. पुढच्या खोलीतलं मशीन चादरीखाली गेलं. भेटायला येणारे गप्पांच्या नादात त्यावर टोपी नाहीतर चहाचा कप ठेवायचे, आणि टेलरांची बायको मेहमुदा ते गुपचूप उचलून दुसरीकडं ठेवायची.

वर्षभरानं त्यांच्या एकुलत्या एका पोरीला, हाफिजाला, मिरजेहून नर्सच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं. पत्र्याची ट्रंक शेजारच्या कृष्णातनं दिली. हातात धरायची पिशवी तेवढी राहिली.

"महाद्वारातल्या दुकानांत बऱ्या मिळत्यात," मेहमुदा म्हणाली.

"टेलरची पोरगी, आन विकतची पिशवी? मी करतो."

"कशानं करताय?"

"डावा हाय की."

सुई डाव्या हाताला बधत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. चार महिने रोज सकाळी ती लढाई होऊन गेली होती. म्हणून टेलरांनी सुईच रद्द केली. "ह्या पिशवीला टाका पडायचा न्हाई," त्यांनी घरात जाहीर केलं. "माझा न्हाई, आन दुसऱ्या कुणाचा तर मुळीच न्हाई. पोरीजवळ एक वस्तू पुरती माझ्या हातची असू दे."

टेबलावरचं फाटकं मेणकापड निघालं, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा निघाला. मेहमुदानं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला. कात्री उजव्या हाताची. डाव्यात धरली की कापड कापायच्या ऐवजी चावायची. टेलर बोटभर कापायचे, दम घ्यायचे, पुन्हा बोटभर. मेणकापडाची आतली सुती बाजू खळ पिते, म्हणून कडा आत दुमडून तिथंच चिकटवायची, वर वरवंटा ठेवायचा आणि दिवसभर त्याच्याकडं बघत बसायचं. बंदांसाठी जुन्या ओढणीच्या तीन पट्ट्या घेतल्या. एक टोक दातात धरून त्यांनी वेणी घातली, पिशवीच्या काठाला पाडलेल्या चिरांमधून ओवली आणि आतून गाठी मारल्या.

कृष्णात दारातनं डोकावला. "मास्तर, पतंग करताय व्हय?"

दातातलं टोक सोडून टेलर म्हणाले, "व्हय. शेपटी तेवढी राहिलीया. तुझी लावू?"

मेहमुदा आत चुलीपाशी हसली. वर्षभरात ते पहिल्यांदाच असं बोलले होते.

बाराव्या दिवशी पिशवी उभी राहिली. जरा एका अंगाला कललेली, मालकासारखीच. हाफिजानं ती खांद्याला अडकवून घरभर मिरवून घेतलं. मेहमुदानं मात्र आत हात घालून बघितलं. तळाचा एक कोपरा नखानं किंचित सुटत होता. तिच्या डोळ्यांपुढं एसटी स्टँड आलं. फलाटावर साबण, वह्या, भाकरीची चवड सांडलीय, माणसं बघताहेत, आणि काठी टेकून हेही बघताहेत.

शुक्रवारी कृष्णात टेलरांना धरून मशिदीच्या दारापर्यंत सोडायला गेला. मेहमुदानं दार लोटलं आणि पिशवी मांडीवर उलटी केली.

"अम्मा, अब्बांनी न्हाई म्हटलंय," हाफिजा म्हणाली.

"त्यांना दिसायचं न्हाई."

काळ्या दोऱ्याचे अकरा टाके घालून तिनं ते दुमडीखाली लपवले.

दिसले नाहीत, हे खरं. सोमवारी स्टँडवर हाफिजा गाडीत चढताना पिशवी टेलरांच्या हातात होती. खिडकीतनं देण्यासाठी त्यांनी ती तळाशी धरून उचलली, आणि अंगठा थांबला. मग तो सावकाश पुढं सरकला, एकेका टाक्यावरनं, शेवटच्या गाठीपर्यंत. मेहमुदा त्यांच्या तोंडाकडं बघायचं सोडून गाडीच्या चाकाकडं बघत राहिली.

"अब्बा, द्या की," हाफिजा म्हणाली.

"घे. नीट जा," टेलर म्हणाले.

घरी येईपर्यंत मेहमुदा बोलणी खायची वाट बघत होती. एक शिवी पडली असती तरी तिला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर टेलरांनी उरलेल्या मेणकापडाची घडी केली आणि तिच्याकडं दिली. "चुलीपाशी अंथर," म्हणाले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कृष्णातनं मोठ्यानं वाचून दाखवलं. हॉस्टेलवर सगळ्यांना पिशवी आवडली होती. बिनशिलाईची आहे म्हटल्यावर पोरींना खरंच वाटेना. दोघीतिघींना तशीच हवी होती. अम्मा, अब्बांना विचार, असं पोरीनं लिहिलं होतं.

"घ्या मास्तर, कारखाना निघाला," कृष्णात म्हणाला.

टेलर भिंतीकडं बघत होते. "तिच्या अम्माला सांग," ते म्हणाले. "तिला टाका येतोय."

मेहमुदानं कृष्णातच्या हातातनं पत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती बराच वेळ त्यावर नजर लावून बसली. तो कोपरा नुसत्या खळीवर मिरजेपर्यंत टिकला असता का, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. खळ शिजवू का, असं तिनं त्या आठवड्यात दोनदा विचारलं. दोन्ही वेळा टेलर म्हणाले, "कशाला?"