पुसलेलं घर

फिनेलबाईने स्वतःच्याच घरात चोरी केली, असं गल्लीत लोक कुजबुजत होते. ऐकणाऱ्याला शपथ घालूनच सांगितलं जायचं, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. पुरावा म्हणाल तर डोळ्यांसमोर होता: पोलीस यायच्या आत तिने अख्खं घर धुऊनपुसून लख्ख केलं होतं. मनात काळंबेरं असल्याशिवाय असं कोण करतं?

हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं उकळून काढण्यात तिचं आयुष्य गेलं. परक्याचा हात लागला की वस्तू बाद, पुन्हा उकळा, हा तिथला नियम तिने घरी आणला. पाहुण्याने चमचा नुसता उचलून ठेवला तरी तो पातेल्यात पडायचा, आणि पाहुण्याला वाटायचं, आता आपला नंबर. यातून सुटलेलं माणूस एकच, तिची थोरली नणंद. नवरा गेल्यावर नात्याचं म्हणावं असं तेवढंच उरलेलं. नणंदेच्या अर्ध्या राहिलेल्या कपातला चहा फिनेलबाई तशीच पिऊन टाकायची.

घरी रंगकाम निघालं म्हणून नणंदेने आपल्या सोन्याच्या बांगड्या तिच्या कपाटात ठेवल्या होत्या. चोराने नेमक्या त्याच नेल्या.

रात्रपाळी करून सकाळी घरी आल्याआल्या फिनेलबाईने पोलिसांना कळवलं. हवालदार उगवला दुपारी.

"बाई, ठसे घ्यायला आलोय मी, घर बघायला नाही," तो हसत म्हणाला.

"तोवर मी त्या घाणीत बसून राहायचं होतं?"

"हो. कशाला हात लावायचा नाही."

"मग लवकर येऊन तुम्हीच बसायचं होतंत."

संध्याकाळी नणंद आली. टेकलीसुद्धा नाही.

"पुसायची एवढी घाई कशाची होती गं वहिनी?"

फिनेलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीने काही म्हणावं, गल्लीला दुसरा उद्योग नव्हता. पण हिने? उत्तर जिभेवर होतं. मात्र ते सांगायचं म्हणजे सकाळी जे पाहिलं ते पुन्हा पाहायचं, आणि तेही चोर म्हणून उभं राहून. तिने धडाधड कपाटं उघडली.

"शोधा वन्सं. पाहिजे तिथे हात घाला."

आता शहाण्या माणसाने इथे लाजून घरी जावं की नाही? नणंदेने बाह्या सरसावल्या. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, चादरी झटकल्या, गादी उलटी केली, चहाची बरणी कानाशी धरून हलवली. बांगड्या नव्हत्याच, मिळणार कुठून? शेवटी पिठाने माखलेले हात घेऊन ती खुर्चीवर बसली.

फिनेलबाईने मोठं पातेलं गॅसवर चढवलं. पाणी खळखळायला लागल्यावर तिने बरणी त्यात सोडली, मग डब्याचं झाकण, मग चमचे. चादरी बादलीत बुडवल्या.

"हे काय चालवलंयस?"

"परका हात लागला."

नणंदेचा चेहरा उतरला. "मी परकी?"

"मघापर्यंत नव्हतात. उठा, खुर्ची पुसायचीय."

नणंद उठली. दारापर्यंत गेली, तिथे घुटमळली. "खरं सांग, काय झालं होतं गं?" आवाज आता खाली आला होता.

"हे आल्याआल्या विचारायचं होतंत," फिनेलबाई म्हणाली आणि तिच्या तोंडावर दार लावलं.

बांगड्या कधीच सापडल्या नाहीत. नणंदेने नंतर दोनदा निरोप धाडला. फिनेलबाई गेली नाही, आणि गल्लीने त्याचाही अर्थ आपल्या सोयीने लावला.

चोर तिच्या पलंगावर झोपून गेला होता. बूट घालून, तिच्या उशीवर डोकं ठेवून, तिचं पांघरूण अंगावर घेऊन. ती आली तेव्हा गादी अजून कोमट होती. म्हणून तिने घर धुतलं.