पुढचं पान घरी वाचा

सरोजिनीबाईंनी शनिवार पेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पचनाचा धडा तर त्यांच्यासारखा रंगवून कोणी शिकवला नसेल. वर्गात भाकरीचे तुकडे वाटायच्या. "चावत राहा, गिळू नका. गोड लागतंय? ती लाळेची करामत." मग अन्ननलिका, जठरातलं आम्ल, लहान आतडं. लाल खडूने यकृत काढून बजावायच्या, "आतड्यातून रक्तात गेलेलं बहुतेक सगळं आधी इथे येतं. हा जकातनाका समजा."

मोठ्या आतड्याशी मात्र गाडी अडायची. मलाशयाचं नाव निघालं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि बाईंचे कान तापायचे. "पुढचं पान घरी वाचा," म्हणत त्या पुस्तक मिटायच्या. एकतीस वर्षांत ते पान त्यांनी एकदाही शिकवलं नाही.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांना शौचातून रक्त जाऊ लागलं. मूळव्याध असेल, असं स्वतःच ठरवून त्यांनी तिखट सोडलं, इसबगोल सुरू केलं. नवऱ्याला, अनंतरावांना, आणि नेहमीच्या डॉक्टरांना "पित्त झालंय" एवढंच सांगितलं. साहजिकच गोळ्या पित्ताच्याच मिळाल्या. बाई वाळत चालल्या तेव्हा अनंतराव म्हणाले, "अगं, उपोषणाला बसलीयस का? मागण्या तरी कळू देत!" बाई हसल्या. वर्ष असंच गेलं. हा शुद्ध वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं.

एका सकाळी मंडईत मेथी निवडताना त्या चक्कर येऊन पडल्या. मग सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन समोर बसलेली डॉक्टर शेफाली त्यांचीच विद्यार्थिनी होती. मोठ्या आतड्याच्या टोकाला कर्करोगाची गाठ होती.

"आणि बाई..." शेफालीला पुढे बोलवेना.

"यकृतात पोचलाय," बाईच म्हणाल्या. रस्ता त्यांना पाठ होता.

अनंतराव दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले.

"रक्त कधीपासून जातंय, बाई? आता तरी खरं सांगा."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांचा संसार. त्यांचे कान तापले.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"