आम्ही मांडलेले कावळे

लग्न होऊन मी बेंबळीच्या पुढच्या एका गावात आले तेव्हा निजामी होती, आणि स्वतःच्या नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती. कुणी बंदी घातली होती असं नाही. तशी रीतच होती. घरात सासू, सासरे आणि आम्ही दोघं. सासूला मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. पण मामंजी माझ्याशी एक शब्द बोलत नसत. काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंना सांगत आणि आत्याबाई मला. आमचे मालक जेवायला बसले की मी ताट सरकवायची, ते मान खाली घालून जेवायचे आणि उठून जायचे. पहिले काही महिने मला त्यांचा चेहरा नीट ठाऊक नव्हता. भाकरी मोडणारे हात तेवढे ठाऊक होते.

आमची बोलाचाली सुरू झाली ती पाखरांमुळं.

गावच्या जुन्या बारवेत पारव्यांची मोठी वस्ती होती. हरभरा पेरला की ते थव्यानं उतरायचे आणि नांगराच्या तासातासातून दाणे वेचायचे. भुईमुगाच्या शेंगा काढून वाळत घातल्या की ओढ्याकाठच्या बाभळीवरचे कावळे यायचे. मामंजींच्या नावावर परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिची दारू तेरखेड्याकडून यायची. मामंजींचे गुडघे धरल्यापासून राखणीचं काम मालकांकडं आलं होतं. ते एकुलते एक. थवा उतरावा म्हणून खोटी पाखरं मांडायला, पडलेली खरी उचलून आणायला कुणीतरी सोबत लागायचं. एके सकाळी ते आत्याबाईंना म्हणाले, "हिला संगट नेतो."

"बाईमाणसाचं काय काम हाय तिथं?" आत्याबाई म्हणाल्या.

ओट्यावरून मामंजी बोलले, "पेरलेलं समदं उकरून खायलेत. जाऊ दे."

मी डोक्यावर टोपली घेऊन मालकांच्या मागं चालू लागले. टोपलीत खोटी पाखरं होती. वाळलेले दुधी भोपळे उभे चिरून, त्यांना राख आणि काजळी फासून त्यांनी पारवे केले होते. लांबून पाहिलं तर खरोखर पारवे चरताहेत असं वाटायचं. बुजगावणं पाखरांना हाकलतं. ही खोटी पाखरं खऱ्यांना बोलवायची. खाली आपली माणसं चरायलीत म्हणून थवा उतरायचा.

मी भोपळे ओळीनं मांडले. ते बघून मालक पहिल्यांदा माझ्याशी मोकळं हसले.

"अगं, पंगत बसवलीस का? विखरून मांड. आन् तोंडं वाऱ्याकडं कर. वाऱ्याला पाठ दिऊन पाखरू बसत न्हाय."

मी सगळी फिरवली.

"आता मधी जागा सोड. पाव्हण्यास्नी उतराया जागा नको व्हय?"

बांधावरच्या लिंबाखाली त्यांनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप केली होती. दोन माणसं गुडघे जवळ घेऊन कशीबशी मावतील एवढी. आत बसलं की बाहेरचं सगळं दिसायचं, बाहेरून आतलं काही दिसायचं नाही. पाखरं येईपर्यंत हलायचं नाही, खोकायचं नाही. बोलायचं तर कानाशी. आता हसू येतं, पण गावात कुठल्याही नव्या नवरानवरीला मिळत नव्हती ती जागा आम्हांला पाखरांनी दिली.

त्या खोपीत मला कळलं की त्यांना ताक आवडत नाही, पण आईनं दिलं म्हणून ते रोज पितात. त्यांना कळलं की मी बार्शीला मामाकडं राहून मराठी चौथी शिकले आहे. ते उर्दू शाळेत गेलेले. उर्दू झरझर वाचायचे, मराठी मात्र अडखळत. मी काडीनं मातीत अक्षरं काढायची, ते बोट फिरवायचे. कधी अक्षरात एवढे गुंतायचे की पारवे उतरून चरून उडूनही जायचे. मग ते कपाळाला हात लावायचे. "गेला की गं आपला हरभरा!"

कावळ्यांसाठी भोपळे चालेनात. कावळा लांबूनच ओळखायचा. मग मी जुन्या काळ्या घोंगडीचे तुकडे कापून कावळे शिवले. आत भुस्सा भरला, चोचींना जळक्या बाभळीच्या ढलप्या लावल्या. एक फारच फुगला. त्याला उचलून मालक म्हणाले, "ह्यो बग, पाटलाच्या घरचा कावळा. खाऊन-पिऊन सुखी." त्यावर मला एवढं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला.

पण कावळ्यांची शिकार मला आवडली नाही. पारवे पडले तर त्यांचं कालवण व्हायचं, तेही शेतातच, तीन दगडांच्या चुलीवर. कावळा पडला की बाकीचे वर घिरट्या घालून असा आकांत करायचे की ऐकवत नसे. त्यानंतर किती तरी दिवस ते त्या शेताकडं फिरकायचे नाहीत. मालक म्हणायचे, "कावळा माणूस वळखतो. जागा तर कदीच इसरत न्हाय."

निजामीच्या शेवटच्या दिवसांत रझाकारांची धास्ती वाढली. संध्याकाळनंतर कुणी गावाबाहेर पडेना. आमच्या भागातल्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. मालकांनी बंदूक पुसली, तेल लावलं आणि मामंजींसोबत जाऊन देऊन आले.

हरभरा पेरून झाल्यावर एके सकाळी ते टोपली घेऊन दारात उभे राहिले. "चल."

मी हळूच विचारलं, "अहो, बंदूक कुठंय?"

"न्हाय तर न्हाय. चल तू."

आम्ही भोपळे मांडले, तोंडं वाऱ्याकडं केली, मधी जागा सोडली आणि खोपीत जाऊन बसलो. पारवे आले, खोट्या पारव्यांमध्ये उतरले आणि चरू लागले. माना निळ्या-हिरव्या चमकत होत्या. इतके दिवस पाहत होते, पण कधी नुसतं बघितलं नव्हतं. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. शेवटी त्यांनीच टाळी वाजवून थवा उठवला.

दुपारी बाहेर आलो तर बांधावर भाकरीचं गठुडं ठेवलेलं होतं. आत्याबाई येऊन, हाक न मारता, परत गेल्या होत्या. बंदूक नाही हे त्यांना ठाऊक होतंच. घरी गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "भाकरी गार झाली आसंल."

त्या वर्षी थंडी पडू लागली आणि मालकांना ताप भरला. आधी वाटलं हिवताप असेल. काढे झाले, अंगारे झाले. ताप उतरेना. डोळे आत गेले, जीभ कोरडी पडली. धाराशिवच्या दवाखान्यात न्यावं असं मामंजींच्या मनात पहिल्यापासून होतं, पण वाटेत काय होईल सांगता येत नव्हतं आणि गाडी जुंपून द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मामंजींनी स्वतःच बैल जुंपले. दुखऱ्या गुडघ्यांनी ते पुढं बसले. मागं कडब्यावर गोधडी टाकून आम्ही मालकांना निजवलं. एका बाजूला आत्याबाई, एका बाजूला मी.

सूर्य वर आला होता. मी पदरानं त्यांच्या तोंडावर सावली धरली होती. मध्येच त्यांनी डोळे उघडले. आईबापांसमोर ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, पण माझ्याकडं बघून म्हणाले, "अगं, ऐक की..."

मी खाली वाकले. त्यांना खोकला आला. आत्याबाईंनी पाणी पाजलं. पाणी ओठांवरून गळून गेलं. पुढं काय ते त्यांनी सांगितलं नाही. थोड्या वेळानं आत्याबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला, आणि मग मामंजींना म्हणाल्या, "गाडी वळवा."

मामंजींनी मागं बघितलं नाही. त्यांनी गाडी वळवली.

आमच्याकडं दहाव्याला बायाही जातात. आमच्याच शेताच्या कडेनं ओढा होता, तिथं सगळे जमले. दगडावर पिंड ठेवला, आणि माणसं बाजूला सरली. समोर बाभळीवर कावळे होते. एकही उतरेना.

मामंजी हात जोडून उभे राहिले. "बाबा, तुझ्या बायकूला अंतर देनार न्हाय." कावळे हलले नाहीत. "तुझ्या आईला संबाळीन." भावकीतलं एकेक माणूस पुढं येऊन बोलू लागलं. बैल विकणार नाही म्हणाले, शेत पडीक टाकणार नाही म्हणाले. मला पुढं ढकललं. मी काय बोलणार? गाडीत त्यांनी जे सांगायला घेतलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेलं वचन कसं द्यायचं? मी हात जोडले आणि मागं सरले.

ऊन चढलं. बायकांची कुजबुज सुरू झाली, जीव कशात तरी अडकलाय. मी बाभळीकडं बघत होते. ते तेच कावळे होते. याच काठानं त्यांची माणसं पडली होती. ते त्या जागेला भीत होते. पण हे सांगायचं कुणाला?

शेवटी भटजींनी दर्भ हातात घेतला. कावळा शिवला नाही की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, म्हणजे विधी पुरा होतो. ते गाठ मारणार तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "थांबा." आणि माझ्याकडं वळल्या. "पोरी, तुझे कावळे कुठं हायती?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. गोठ्याच्या माळ्यावरून टोपली उतरवून मी धावत परत आले. चारचौघांत, एवढ्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर सावरत मी ओढ्याच्या वाळूत घोंगडीचे कावळे मांडू लागले. विखरून मांडले. तोंडं वाऱ्याकडं केली. मधी पिंडापाशी जागा सोडली. मग आत्याबाईंनी सगळ्यांना काठावरच्या झुडपांमागं बसवलं. कुणाला खोकूही दिलं नाही. माझं मनगट त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

एक कावळा उडाला. वरून एक चक्कर मारली आणि त्या फुगलेल्या कावळ्याच्या बाजूला उतरला. मान वाकडी करून त्यानं त्याच्याकडं बघितलं. मग टुणकन उडी मारून पिंडापाशी गेला आणि चोच घातली.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. मामंजी वाळूतच खाली बसले आणि मोठ्यानं रडू लागले. बायका मला म्हणाल्या, "सुटला गं बाई तुझा मालक." आत्याबाईंनी मला पोटाशी धरलं.

मला रडू आलं नाही. माझ्या मनात एकच होतं. कावळा शिवला तो माझ्या खोट्या कावळ्यांना भुलून. त्यांचं जे राहिलं होतं ते पुरं झालं म्हणून नव्हे. ते राहिलं ते राहिलंच. सगळ्यांना उत्तर मिळालं, मला मिळालं नाही. अजून मिळालेलं नाही. 'अगं, ऐक की...' याच्या पुढं काय असेल ते मी आयुष्यभर नाना प्रकारे जोडून बघितलं. कधी वाटतं, पाणीच मागत असतील. कधी वाटतं, सावलीसाठी धरलेला हात अवघडला असेल, खाली घे, असं म्हणत असतील.

महिना-दीड महिन्यानं, आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो असताना आत्याबाईंनी एकदम विचारलं, "खोपीत तुमी काय बोलत व्हता गं?"

मी लाजले. त्या म्हणाल्या, "सांग की. माज्याशी त्यो लई बोलत नव्हता. जेवला का, झोपला का, एवडंच."

मग मी सांगत गेले. मातीतल्या अक्षरांचं सांगितलं, कुठल्या पाखराला ते काय म्हणायचे ते सांगितलं. ताकाचं मात्र सांगितलं नाही. ते त्यांच्या काळजाला लागलं असतं. आत्याबाईंचे हात थांबले होते. मी गप्प झाले की त्या म्हणायच्या, "आनि?" शेवटी माझ्याजवळचं सगळं संपलं. इतकं थोडं होतं ते. एका दुपारीत संपलं.

पुढं निजामी गेली. येडशीहून माझा भाऊ मला न्यायला आला. मला शिकवायचं, मास्तरीण करायचं, असं त्याच्या मनात होतं. आत्याबाई रडल्या, पण जा म्हणाल्या. मूलबाळ नव्हतं, मला धरून ठेवायला त्यांच्याजवळ काही कारण नव्हतं, आणि खोटं कारण काढणारी बाई ती नव्हती.

गाडी निघताना मामंजी बैलांपाशी आले. जू सरळच होतं, तरी ते ठाकठीक करत राहिले. मी पाया पडले. रीतीप्रमाणं त्यांनी नुसता हात वर करायचा. त्यांनी हात वर केला नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून, बैलाकडंच बघत ते म्हणाले, "पोरी."

माझ्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

"सणासुदीला येत जा. आमाला आता कोन हाय?"

मी हो म्हणाले. ते दोघं असेपर्यंत जात राहिले. पुढं मास्तरीण झाले तेव्हा सुटी लागली की आधी सासरची गाडी धरायची, मग माहेर. मामंजी ओट्यावर बसलेले असायचे. मला बघून म्हणायचे, "आलीस व्हय?" आणि आत तोंड करून आत्याबाईंना हाक मारायचे, "अगं, पोरगी आली. च्या टाक."