जहागीरदाराच्या पलंगावर दोघी जावा

माझं शिक्षण आठवीपर्यंत. माहेर सांगलीकडे, सासर अकोल्याला. लग्न होऊन आले तेव्हा इथली बोली कानाला टोचायची. कुणी नुसतं 'का' या अर्थी 'कावून' म्हटलं तरी आपलं काहीतरी चुकलं असं वाटायचं. सासूबाईंनी मला सांभाळून घेतलं. ज्वारी पारखायला शिकवलं, सोबत येऊन बँकेत खातं उघडून दिलं, आठवीवरून घरात कुणाला हसू दिलं नाही. म्हणून धाकटी जाऊ त्यांना कायमचं अमरावतीला न्यायचं म्हणते आहे हे कानावर आलं, तेव्हापासून मी नाही म्हणायला कारणं शोधत होते.

जाऊ एम.एस्सी. राजापेठेत स्वतःचे क्लास घेते. मोबाइलवर काय काय शोधत असते. मेच्या उन्हात कुणी फिरकत नाही म्हणून अंजनगाव सुर्जीच्या पुढे एका जुन्या जहागीरदाराच्या पॅलेसमध्ये खोल्या अगदी स्वस्तात मिळतात, हे तिनंच शोधून काढलं. "आई, एक रात्र राजवाड्यात राहू. तिथंच निवांत बोलू." काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. सासूबाईंना घेऊन आम्ही नवरा-बायको अकोल्याहून निघालो, जाऊ आणि दीर अमरावतीहून आले.

पॅलेस होता मात्र राजेशाही. संगमरवरी जिना, भिंतीवर तलवारी, माणूस झोपेल एवढा आरसा. आमच्या ऐपतीत मुख्य इमारतीतली एक खोली बसली, ती आम्हा तिघी बायकांना. भावाभावांना मागची घोड्यांच्या पागेतली खोली, कूलरवाली. दीर म्हणाला, "आमच्या नशिबी तबेलाच होता दादा!"

काउंटरवर टाय लावलेला मॅनेजर आधारकार्ड मागत होता आणि सासूबाई पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, तुरीची डाळ, कुरड्या काढून त्याच्यासमोर मांडत होत्या. कुणाच्याही घरी पहिल्यांदा जाताना घरच्या बाईची ओटी भरायची, हा त्यांचा नेम. सासरे गेल्यापासून त्या स्वतः भरत नाहीत, मला भरायला लावतात.

"घरच्या बाईले बोलाव बाबा."

"आजी, हे हॉटेल हाये. मालकीणबाई पुण्यात राहतात."

"मंग एवढं मोठं घर कोनाच्या भरोशावर सोडलं तिनं?"

मागं उभी असलेली नागपूरकडची मंडळी हसली. मला वाटलं, आता जाऊची मान खाली जाणार. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पण ती पुढं झाली. "दादा, स्वयंपाक कोण करतं इथं?" मॅनेजरनं आतून एका बाईला बोलावलं. कमरेला पदर खोचलेली, हाताला कणीक लागलेली. "आई, आज हिच्या हातचं जेवायचंय. हिचीच ओटी भरू." सासूबाईंचा चेहरा असा फुलला! मी पदर सावरून पुढं झाले, तर म्हणाल्या, "थांब मोठे. लहानीले सुचलं, तिलेच भरू दे."

इतक्या वर्षांत ओटीचं ताट पहिल्यांदा माझ्या हातून गेलं. त्या बाईच्या डोळ्यात पाणी आलं, नागपूरची मंडळी फोटो काढायला लागली, आणि मी कुरड्यांची रिकामी पिशवी घडी घालत उभी. एवढं साधं मला कसं सुचलं नाही? एम.एस्सी.त हे शिकवतात का?

दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. खोलीत शिसवी पलंग, वर मच्छरदाणीचे चार खांब. आईंच्या शेजारी कोण आडवं होणार, याचा मी मनातल्या मनात हिशेब करत होते. तोवर त्यांनी खाली गादी टाकायला सांगितली. "मले उंचावर चक्कर येते. तुमी दोघी झोपा वर." लगेच घोरायलाही लागल्या. जहागीरदाराच्या पलंगावर आम्ही दोघी जावा, दोन कडांना, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"ताई, जाग्या आहात?"

"हूं."

"मला दिवस गेलेत. अजून आईंना सांगितलं नाही. मला माहेरी आई नाही हो, भीती वाटते." मग जरा थांबून, "तुम्हाला त्या 'मोठे' म्हणतात. मला समोर 'मॅडम' म्हणतात. तुमचं बरं आहे."

माझं बरं आहे! माझ्यावर कुणी जळावं, ही सवयच नव्हती. आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण आता आईंना पाठवायला नाही म्हणायची सोय उरली नाही, याचा राग जास्त आला.

संध्याकाळच्या चहाला तिनं बातमी सांगितली. आईंनी तिची अलाबला घेतली, आणि जरा वेळानं मला जिन्याजवळ बाजूला नेलं.

"मी जाऊ का अमरावतीले? तू नाई म्हनली तं नाई जात. तुले ठेवून जाताना मले बी जड जाते."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मला या घरात कुणी रडवलं नाही ते या बाईमुळे. म्हटलं, "जा आई. तिला आता माणूस हवं." म्हणाले, तेव्हाही आत जळतच होतं. आजही थोडं जळतं.

सकाळी आई दिराच्या गाडीत बसल्या. मी जाऊला सगळं सांगितलं: भाकर तव्यावरची लागते, दुपारी पंखा अंगावर नको, गुडघ्याला तिळाचं तेल. ती मान डोलावत होती, मोबाइलमध्ये टिपून घेत होती. फक्त अंबाडीच्या भाजीत त्यांना ज्वारीच्या कण्या लागतात, तेवढं सांगितलं नाही. सासूबाईही सांगणार नाहीत. पुढं येईल ते खातात, आवडलं नाही तर फक्त दुसऱ्यांदा मागत नाहीत. जाऊ हुशार आहे, तिच्या लक्षात येईल. मग तिला मला फोन करावा लागेल.