कमठाण्यातला टेक ऑफ

उदगीरहून निघालेली एसटी भालकीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली, तेव्हाच मी ठरवलं की या मुलखात घाई करायची नाही. करून उपयोगही नव्हता. भालकीच्या स्टँडवर पाट्या कन्नड, कंडक्टर दख्खनी उर्दूत ओरडणारा आणि प्रवासी मराठीत भांडणारे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिथून बिदर गाठलं आणि बिदरहून कमठाणा.

कमठाण्यात माझी बी.एड.ची मैत्रीण महादेवी राहते. गावच्या सभागृहात ती दुपारी बायकांना इंग्रजी शिकवते. पंचांना ती जागा आता खताच्या गोदामासाठी हवी होती. बायका काही शिकल्या असतील तर दाखवा, नाहीतर किल्ली द्या, असं त्यांनी बजावलं होतं. परीक्षक म्हणून महादेवीने मला, नाशिकच्या एका निवृत्त इंग्रजीच्या बाईंना, पाचारण केलं होतं.

पोचल्या संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि पुंडी पल्या (अंबाडीची पातळ भाजी) खाताना बायकांनी मला त्यांचा धडा म्हणून दाखवला. धडा 'टेक ऑफ'चा. अंगावरचं, पायातलं काही काढायचं तर टेक ऑफ. विमान उडालं तरी टेक ऑफ, धंद्याने जोर धरला तरी टेक ऑफ. आणि त्या उडण्याला नाव म्हणून वापरलं की दोन्ही शब्द जोडून टेकऑफ. बायका धडाधड वाक्यं फेकत होत्या. मी निर्धास्त झोपले.

सकाळी सभागृहात पंच पहिल्या रांगेत बसले. मधोमध शिवलिंगप्पा, वर्गातल्या सगळ्यांत हुशार रेणुकाचे सासरे. मी विचारलं, "हू विल गिव्ह मी अ सेंटेन्स?" सगळ्यांचे पदर डोक्यावरून पुढे आले आणि माना खाली गेल्या. रेणुका तर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

"कामून गप बसायल्यात ह्या?" मी वैतागून महादेवीला विचारलं. एका रात्रीत मलाही तिथली बोली चिकटली होती.

"सासऱ्यापुढं सून आवाज काढत न्हाई गं. मी तरी कुठं ह्यांना पुढं बसवलं!"

"बघा बाई, तुमीच बघा," शिवलिंगप्पा उठत म्हणाले. "काय येत न्हाई ह्यांना. किल्ली सांजच्याला पाठवा." आणि वर सगळ्यांना आपल्या खळ्यावर जेवायचं आवतण देऊन गेले. माझा असा संताप झाला की जेवायला जाऊ नये असं वाटलं. पण भूक लागली होती.

खळ्यावर तुरीची रास पडली होती आणि रेणुका पूजेला बसली होती. राशीजवळ पायताण घालून कुणी येत नाही. आणि पूजा संपेपर्यंत राशीशी बसलेल्या बाईचा शब्द चालतो. शिवलिंगप्पा पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेले, हातात पाण्याचा तांब्या, आणि चपला घालून थेट राशीकडे निघालेले.

रेणुका गोंधळली. सासऱ्यांना हुकूम मराठीत सोडता येत नाही, कन्नडात तर नाहीच. इंग्रजीत मात्र तसा नियम अजून कुणी केलेला नव्हता.

"अप्पा! युवर चप्पल्स! टेक देम ऑफ!"

शिवलिंगप्पांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि मुकाट्याने चपला काढल्या. मागून दुसरे एक पंच येत होते. "यू आल्सो!" कोपऱ्यातून एक बाई ओरडली, आणि त्यांनीही काढल्या. मग मात्र बायकांच्या तोंडाचा बांध फुटला. तेवढ्यात बिदरच्या हवाई दलाच्या तळावरून सरावाचं विमान घोंघावत वर चढलं.

"व्हॉट इज दॅट?" मी संधी सोडली नाही.

"द प्लेन हॅज टेकन ऑफ!" सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं.

"गुड टेकऑफ!" एकीने शेरा मारला. पापड करणाऱ्या गुरम्माक्का उभ्याच राहिल्या. "माय पापड बिझनेस इज टेकिंग ऑफ," त्या पंचांकडे बोट करून म्हणाल्या, "अँड यू वॉन्ट माय क्लास!" मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

"अप्पा, किल्लीचं काय?" मी विचारलं.

शिवलिंगप्पा अनवाणीच उभे होते. "ती काय म्हणाली ते मला कळालं की बाई. मंजे तिला येतंय. राशीम्होरं खोटं कसं बोलू? गोदामाला दुसरी जागा बघतो."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. नाशिकला मी हाच धडा फळ्यावर विमान काढून शिकवायची. मुलं तो लिहून घ्यायची, पेपरात मार्क मिळवायची आणि विसरायची. त्यांच्यापैकी कुणालाही तो दुसऱ्या कुणाला ऐकवायची गरजच पडली नव्हती. उदगीर जवळ आलं तेव्हा महादेवीचा फोन आला.

"अगं, अप्पा विचारायलेत, गडीमाणसांचा वर्ग कवा काढताव म्हणून!"

"मग? तू काय सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? रेणुकानंच सांगितलं. जागा उरली तर बघू म्हणं."